टिश्यू मऊ आणि फुगीर कसा होतो: मशीनवर नव्याने रुजू झालेल्यांसाठी

वडापावच्या गाडीवर मिळणारा नॅपकिन एकदा नीट बघा. एक बाजू चकचकीत, हातात कडकड वाजतो आणि तेल टिपण्याऐवजी पसरवतो. धंद्यात त्याला हार्ड टिश्यू म्हणतात. आता घरातल्या किचन टॉवेलचा तुकडा त्याच्या शेजारी ठेवा. दोन्ही लगद्याचेच, आणि बहुतेक वेळा वाळलेलेही एकाच जातीच्या वाफेच्या मोठ्या ढोलावर. या ढोलाला यांकी म्हणतात. हार्ड टिश्यू यांकीवरून अलगद सोलून काढतात. मऊ टिश्यू पात्याने खरवडून काढतात. बाकी फरक आहेतच, पण सगळ्यात मोठा हा.

टिश्यू मिलमध्ये ट्रेनी म्हणून आलेल्यांच्या हातात मी पहिल्या दिवशी हे दोन तुकडे देतो. आपल्याकडे टिश्यूची मशीन चालवणाऱ्या मिल मोजक्या, पुण्याजवळ थेरगावला पदमजी आहे तशा. पण जम्बो रोल विकत घेऊन नॅपकिन कापणारे, टॉवेलचे रोल गुंडाळणारे छोटे कारखानदार एमआयडीसींमध्ये पुष्कळ आहेत. रोल विकत घेताना नेमकं काय विचारायचं ते कळावं म्हणून त्यांनीही वाचायला हरकत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कागदात डिंक नसतो. ओले तंतू एकमेकांना टेकलेले असताना पाणी उडून गेलं की ते आपोआप जोडले जातात, हायड्रोजन बंधांनी. दोरीवर वाळलेला सुती पंचा कडक होतो त्यातही हाच प्रकार असतो. आणि तो पंचा आपण काय करतो? झटकतो, चुरगाळतो, मग तो मऊ पडतो. लिहायच्या कागदाला जितके जास्त बंध तितकं चांगलं. आपल्याला मात्र फाटणार नाही इतपतच हवेत, एक जास्त नको. टिश्यूचं सगळं कौशल्य बंध होऊ न देण्यात आणि झालेले मोजून तोडण्यात आहे. फुगीरपणाचं, म्हणजे बल्कचं, तर त्याहून सोपं आहे: पाण्यात तंतू मोकळेच असतात, बल्क तिथे फुकट मिळालेला असतो. पुढे आपण तो दाबून दाबून घालवतो.

तंतूपासून सुरुवात

पल्पच्या शीटचा नखाएवढा तुकडा पाण्यात कुस्करा, काचेवर पसरा आणि भिंगातून बघा. स्प्रूस-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे तंतू अडीच-तीन मिलिमीटर लांब असतात. निलगिरीचे जेमतेम पाऊण मिलिमीटर. लांब तंतू जाळं धरून ठेवतात, ताकद त्यांची. निलगिरीचे आखूड तंतू पृष्ठभागावर मोकळी टोकं सोडतात, आणि बोटाला जी मखमल लागते ती या टोकांची.

म्हणून फेशियल टिश्यूत निलगिरीचं प्रमाण जास्त आणि टॉवेलमध्ये लांब तंतूचं. टॉवेलमध्ये काही जण सीटीएमपी, म्हणजे उष्णता, रसायन आणि यंत्राच्या घर्षणाने सुटा केलेला पल्पही घालतात. त्याचे तंतू ताठ असतात, दाबले तरी चपटे होत नाहीत, त्यामुळे बल्क टिकतो. उसाच्या चिपाडाचा पल्प आपल्याकडे स्वस्त मिळतो, पण त्यात बारीक भुसा फार. पाणी सावकाश निथळतं आणि शीट घट्ट होते. रद्दीच्या पल्पचीही अशीच अडचण आहे: एकदा वाळलेला तंतू पुन्हा पहिल्यासारखा फुगत नाही.

मशीनला थर देणारा हेडबॉक्स, म्हणजे पातळ लगदा मशीनवर सोडणारी पेटी, असेल तर दोन्ही पल्प कालवून टाकू नका. हेडबॉक्सच्या आतल्या पडद्यांमुळे दोन-तीन प्रवाह वेगळे राहतात, आणि यांकीला चिकटणाऱ्या बाजूला निलगिरी, दुसऱ्या बाजूला लांब तंतू असं करता येतं. प्लाय, म्हणजे टिश्यूचे पदर, जोडताना मऊ बाजू बाहेर ठेवायची. बोट निलगिरीवर फिरतं, ओढ लांब तंतू सोसतो.

रिफायनरचा मोह

रिफायनरमध्ये तंतू रगडले जातात, त्यांना झुलपं फुटतात, ते लवचिक होतात आणि वाळताना एकमेकांना जास्त ठिकाणी चिकटतात. ताकद वाढते. सोबत कडकपणा वाढतो, बल्क घटतो, निथळणं मंदावतं.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट. रिवाइंडरवर, म्हणजे रोल उलगडून पुन्हा गुंडाळणाऱ्या मशीनवर, कागद सारखा तुटत होता. मी शिफ्टमध्ये नवा, हुशारी दाखवायची घाई. रिफायनरचा लोड वाढवला. दोन तासांत लॅबमधून टेन्साइलचे, म्हणजे ओढून तोडण्याच्या ताकदीचे, आकडे आले, झकास. शिफ्ट इनचार्जने पाठ थोपटली. पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, सोबत निरोप: नॅपकिन मागवले होते, पतंगाचा कागद नाही. तुटण्याचं खरं कारण ताकदीत नव्हतंच. शीटच्या कडेला पात्याने बारीक चिरा पडत होत्या आणि कागद तिथून फाटत होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. कागद तुटला की आधी कड बघायची, मग भोकं, मग ताण, आणि सगळ्यात शेवटी रिफायनर. रगडायचंच झालं तर फक्त लांब तंतूची लाइन. निलगिरीला शक्यतो हात लावायचा नाही.

याच टप्प्यावर डिबाँडर नावाचं रसायनही स्टॉकमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या लगद्यात, घालता येतं. त्याचे धनभारित रेणू तंतूवर बसतात आणि बंध जुळू देत नाहीत. मऊपणा येतो, पण ताकद जाते, कागद धूळ जास्त सोडतो आणि यांकीवरची पकड ढिली पडते. एका रात्रीत मऊ माल हवा असणाऱ्या मॅनेजरांचं हे लाडकं औषध आहे. मी ते मिठासारखं वापरतो.

पाणी काढताना काय हरवतं

हेडबॉक्समधून येणारा स्टॉक म्हणजे जवळपास पाणीच. ०.२ टक्के तंतू धरले तर १ किलो तंतूमागे ५०० लिटर. नव्या मशीनवर तो वायर (बारीक जाळी) आणि फेल्ट (पाणी शोषणारा लोकरीसारखा पट्टा) यांच्या बेचक्यात फवारला जातो. या रचनेला क्रेसेंट फॉर्मर म्हणतात. फेल्टवर बसलेली शीट प्रेस रोलने यांकीवर दाबली जाते, आणि प्रेसमधून निघताना ती साधारण ४० टक्के कोरडी असते.

हा दाब म्हणजे वाफेची बचत, कारण पाणी पिळून काढणं उडवण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. पण त्याच दाबाखाली तंतू चपटे होऊन एकमेकांवर बसतात आणि बंधांची तयारी होते. फुकट मिळालेला बल्क आपण इथे गमावतो. पुढचं पातं आणि एम्बॉसिंग, म्हणजे नक्षीचा उठाव, त्यातला थोडाफार परत आणतात.

यांकी आणि पातं

इथे घाई करू नका. पहिला महिना सगळा इथे गेला तरी चालेल.

साडेचार मीटर व्यासाची यांकी धरा. परीघ १४ मीटरच्या थोडा वर. मशीन मिनिटाला १५०० मीटर धावत असेल तर एक फेरा ०.५७ सेकंदांत होतो, आणि कागद त्यातला साधारण पाऊण भागच अंगाला चिकटून असतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत ४० टक्के कोरडी शीट ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. आतून वाफ असते, वरून हूडमधली, म्हणजे यांकीवरच्या झाकणातली, कडक गरम हवा.

वाळता वाळता शीट यांकीला घट्ट धरते आणि त्या वेगात पोलादी किंवा सिरॅमिक टोकाच्या पात्यावर जाऊन आपटते. दूध आटवलेल्या कढईच्या कडेची खरवड उलथन्याने काढताना काय होतं ते आठवा. ती सरळ पापुद्र्यासारखी निघत नाही, उलथन्यापुढे चुण्या पडत गोळा होते. क्रेपिंग तेच. आपटताना शीट आतून फुटते, तंतूंमधले बरेच बंध तुटतात, जाडी वाढते आणि कागदाला स्ट्रेच येतो, म्हणजे तो ओढला की रबरासारखा थोडा लांबतो.

किती चुण्या घालायच्या ते रीलच्या, म्हणजे पुढे कागद गुंडाळणाऱ्या रोलच्या, वेगावर ठरतं. यांकी १५०० वर आणि रील १२३० वर चालत असेल तर फरक २७० चा. यांकीच्या वेगाने भागलं की क्रेप १८ टक्के. हाच फरक काही मिलमध्ये रीलच्या वेगाने भागतात, मग २२ टक्के येतात. दोन मिलचे आकडे ताडून बघण्याआधी कशाने भागलंय ते विचारा, नाहीतर भांडण होतं. जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, तोही इथे बदलतो: यांकीवर १३ असलेली शीट १८ टक्के क्रेपनंतर रीलवर १५.९ भरते.

खरी गोम कोटिंगमध्ये आहे. यांकीवर सतत एक पातळ थर फवारत राहतात, त्यात चिकट रेझिन आणि सोडवणारं तेल दोन्ही असतं. डोशाच्या तव्यासारखंच हे. तेल जास्त झालं की डोसा तव्यावर घसरतो, कमी झालं की चिकटून फाटतो. शीट नीट चिकटली नसेल तर ती पात्याआधीच सुटते, चुण्या मोठ्या आणि ओबडधोबड पडतात. फार चिकटली तर भोकं पडतात, कडा फाटतात. मधली जागा सापडली की चुण्या बारीक, जवळजवळ, एकसारख्या येतात, आणि हात फिरवल्यावर जाणवतो तो मऊपणा याच बारीक चुण्यांचा.

प्रत्येक रीलवरून तळहाताएवढा नमुना काढा, काळ्या फळीवर ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरा. चुण्यांच्या सावल्या पडतात. पट्टी लावून एका सेंटिमीटरमधल्या मोजा आणि वहीत लिहा. पातं बदलल्यावर लगेच मोजा आणि पातं उतरवण्याआधी पुन्हा मोजा. झिजलेल्या पात्यावर चुण्या जाड होत जातात. या वेळी लॅबमध्ये जाडीचा आकडा वाढलेला दिसतो आणि नवा माणूस खूश होतो: बल्क वाढला! वाढलेला असतो, पण मऊपणा त्याच वेळी खाली आलेला असतो. साधं पोलादी पातं काही तासांतच झिजतं. ते कधी बदलायचं हे चुण्यांनी ठरवावं, घड्याळाने नव्हे. आमचे एक जुने मशीनमन काका आवाजावरून सांगायचे, "पातं बोलायला लागलं." मला तो आवाज ओळखायला दोन वर्षं लागली. पात्याचा कोन एक-दोन अंशांनी हलला तरी क्रेप बदलतो, तेव्हा होल्डरच्या सेटिंगला विचारल्याशिवाय हात लावू नका.

हातांचं म्हणाल तर चालू पात्याजवळ ते न्यायचेच नाहीत. पात्याखाली आणि रिवाइंडरवर साचणारी धूळ पेट घेते, ती रोज साफ झालीच पाहिजे. आणि आग लागली तरी गरम यांकीवर पाण्याचा पाइप मारायचा नाही. ते दाबाखालचं भांडं आहे, एकाच जागी अचानक थंड झालं की तडकू शकतं.

मुळात दाबायचंच नाही

आता त्या परदेशी किचन टॉवेलकडे या, जो ओला करून पिळला तरी पुन्हा फुगतो. तो बहुधा टीएडी मशीनवरचा असतो. टीएडी म्हणजे थ्रू एअर ड्रायिंग: हवा कागदावरून नाही, कागदातून आरपार.

अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९५७ मध्ये शारमिन पेपर मिल्स विकत घेतली आणि कागदाच्या धंद्यात शिरली. सँफर्ड आणि सिसन या त्यांच्या दोन संशोधकांच्या नावे १९६७ मध्ये पेटंट निघालं. कल्पना अशी की ओली शीट फेल्टमध्ये पिळायचीच नाही. ती जाड विणीच्या कापडावर घ्यायची, व्हॅक्यूमने कापडाच्या खळग्यांत ओढायची, तंतू मोकळे असतानाच त्यांना खळग्यांचा आकार द्यायचा आणि मग सच्छिद्र ढोलावर गरम हवा आरपार सोडून तो आकार तसाच वाळवायचा. नंतर शीट यांकीवर जाते, पण तिथे फक्त कापडाच्या विणीचे उंचवटे दाबले जातात. म्हणजे दाबलेल्या ठिपक्यांत ताकद आणि मधल्या उशांमध्ये बल्क. पुढे, १९८०च्या दशकात, विणलेल्या कापडाऐवजी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा पट्टा आला. मग उशांचा आकार विणीवर अवलंबून राहिला नाही, हवी ती नक्षी काढता येऊ लागली.

किंबर्ली-क्लार्कने १९९०च्या दशकात आणखी वेगळी वाट काढली: यांकी नाही, पातंही नाही. वेगाने धावणाऱ्या कापडावरून शीट मुद्दाम हळू चालणाऱ्या कापडावर टाकायची. ओली शीट तिथेच गोळा होते आणि स्ट्रेच तिथूनच येतो.

मग सगळे टीएडीच का लावत नाहीत? हिशेब करून बघा. प्रेसमधून ४० टक्के कोरडी निघालेल्या शीटमध्ये दर किलो तंतूमागे दीड किलो पाणी उरतं. नुसत्या व्हॅक्यूमने २५ टक्क्यांवर आलेल्या शीटमध्ये ३ किलो. उडवायचं पाणी दुप्पट, शिवाय हवा आरपार ढकलणाऱ्या पंख्यांची वीज. म्हणून मधले पर्याय निघाले. वाल्मेटचं एनटीटी, फॉइटचं अॅटमॉस: दोन्हींमध्ये शीट उठावाच्या पट्ट्यावर किंवा कापडावर दाबली जाते. बल्क टीएडीइतका नाही, पण वाफेचं बिलही तितकं नाही. आपल्याकडच्या भावात दाबून, वाळवून पात्याने खरवडणारं साधं ड्राय क्रेप मशीन नीट चालवणं हेच बहुतेकांच्या हिताचं आहे, असं माझं मत. तव्याची कला येत नसेल तर महागडा तवा घेऊन काय होणार?

ओला झाल्यावर

टॉयलेट पेपर पाण्यात विरघळायला हवा, टॉवेल विरघळून चालणार नाही. टॉवेलच्या स्टॉकमध्ये पीएई नावाचं रेझिन घालतात. ते तंतूंमध्ये पाण्याने न तुटणारे जोड तयार करतं. हे जोड पक्के व्हायला वेळ लागतो, मशीनवरून उतरल्यावरही काही दिवस ओली ताकद वाढत राहते. ताज्या रीलचा आकडा कमी आला म्हणून लगेच डोस वाढवू नका. नमुना ओव्हनमध्ये तापवून मग तपासा. उलट बाजूने, या मालाचा ब्रोक, म्हणजे वाया गेलेला कागद, परत लगद्यात कालवताना गाठी सुटत नाहीत. तो वेगळा ठेवा आणि टॉयलेट पेपरच्या स्टॉकमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका.

कन्व्हर्टिंगमध्ये (रोलपासून माल बनवताना) मिळवा, तिथेच घालवू नका

नक्षीचा पोलादी रोल आणि त्यावर दाबणारा रबरी रोल, यांच्यामधून कागद गेला की उठाव येतो. हे एम्बॉसिंग. टॉवेलमध्ये दोन प्लायना वेगवेगळा उठाव देऊन ते टोकांवर गोंदाने जोडतात. एकाची टोकं दुसऱ्याच्या खळग्यात बसवली तर पृष्ठभाग मऊ लागतो. टोकाला टोक लावलं तर मधली पोकळी मोठी होते, पाणी जास्त मावतं, हाताला मात्र थोडं टोचतं. उठाव खोल केला की ताकद कमी होते, आणि गोंद जास्त झाला की प्रत्येक ठिपका खड्यासारखा लागतो.

कॅलेंडरचा, म्हणजे कागद गुळगुळीत करणाऱ्या रोलांचा, जास्तीचा दाब आणि रिवाइंडरचा जास्तीचा ताण हे दोन चोर आहेत. ओढून घट्ट गुंडाळलं की रोल बारीक आणि देखणा दिसतो, पण पात्याने दिलेला स्ट्रेच आणि जाडी दोन्ही आतल्या आत जातात. जम्बो रोल घेणाऱ्यांनी कोअरजवळचा आणि बाहेरचा, असे दोन नमुने मोजावेत. आतला फार पातळ निघाला तर तुमच्या पुरवठादाराच्या रीलवर काय चाललंय ते तिथेच कळतं.

लॅबमध्ये

टिश्यूची जाडी साध्या कागदाच्या मायक्रोमीटरने मोजू नका. साध्या कागदाला प्रमाण दाब १०० किलोपास्कल, टिश्यूला आयएसओ १२६२५ प्रमाणे फक्त २. पन्नासपट जास्त दाबाखाली सगळे टिश्यू सारखेच दिसतात. बल्क काढायचा तर जाडी मायक्रॉनमध्ये घ्या आणि जीएसएमने भागा, घनसेंटिमीटर प्रतिग्रॅम मिळतात. नमुने २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत आधी ठेवायचे. पावसाळ्यात हे टाळलं तर जुलैचे आकडे मार्चशी जुळणार नाहीत.

शोषणासाठी प्रमाण पद्धतीत ५ ग्रॅम कागद तारेच्या टोपलीत घालून पाण्यात सोडतात. बुडायला किती वेळ लागला आणि किती पाणी धरलं, दोन्ही लिहायचं. नुसती पाण्याची धारणा चांगली आणि बुडायला उशीर, असा टॉवेल गिऱ्हाइकाला आवडत नाही. ओट्यावर दूध सांडतं तेव्हा त्याला थांबायला वेळ नसतो.

मऊपणासाठी लाइपझिगच्या एमटेक कंपनीचं टीएसए यंत्र मिळतं. त्यात फिरती पाती नमुन्यावर घासतात आणि मायक्रोफोन तो आवाज ऐकतो. यंत्र नसेल तर चार-पाच जणांचं पॅनेल करा. डोळ्यांपुढे पडदा, हात धुऊन कोरडे केलेले, आणि दर वेळी एक जुना ठरलेला नमुना सोबत, त्याच्याशी तुलना करायला. माझ्या अनुभवात सकाळच्या शिफ्टचे हात आणि रात्रपाळीचे हात वेगळं सांगतात, म्हणून पॅनेल रोज एकाच वेळी बसवा.

पहिल्या महिन्यात एवढं करा: प्रत्येक पातं बदलण्याच्या आधीचा आणि नंतरचा नमुना, त्यावर तारीख, वेळ, क्रेप टक्के, कोटिंगचा डोस, चुण्यांची मोजणी, सगळं लिहून पारदर्शक पिशवीत. पिशव्या सपाट ठेवा, एकीवर एक दाबून नको. महिन्याअखेरीस सगळ्या टेबलावर ओळीने मांडा आणि डोळे मिटून बोट फिरवा.